तोकु आजोबांच्या नावाने

गाडीत त्या नेहमी उलट्या दिशेला तोंड करून बसायच्या. पुढचं स्टेशन तसंही येतंच, म्हणायच्या.

कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी माणसं मोजायच्या आणि आकडा वाट्यांत सांगायच्या. "इथे चाळीस वाट्या."

सूपचा पहिला घोट घेतला की मीठ टक्क्यांत सांगायच्या. शून्य पूर्णांक सात म्हणजे बरं. शून्य पूर्णांक नऊ म्हणजे स्वयंपाकी रात्री नीट झोपलेला नाही.

लोणचं शेवटी खायच्या. डब्यावरच्या कागदाच्या आठ घड्या करायच्या.

स्टेशनवरचा शिक्का वहीत मारायच्या आधी तळहातावर मारून बघायच्या. घरी परतेपर्यंत तळहात निळा झालेला असायचा.

आणि जेवताना ताटाशेजारी दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवायच्या. मफलर, चष्म्याचं घर. एकदा कानाचं यंत्र.

इनागाकी मासुए दोन एप्रिलला गेल्या. एकाहत्तर वर्षांच्या होत्या. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा आधी हेच आठवलं. मी साहित्याची पदवी घेतली आहे. माणूस गेल्यावर काय लिहितात ते मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

त्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तेहेतीस वर्षं होत्या. मी त्यांच्या हातचं सहा वर्षं जेवले. नंतर मी नागोयाला शिकायला गेले, शिकून परत आले, आणि गावातल्या वाचनालयात आठवड्याचे चार दिवस काम मिळालं. त्या तिथे आगगाड्यांची वेळापत्रकं वाचायला यायच्या. जुनीसुद्धा. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "साहो-चान, तू लहानपणी गाजर ताटाखाली लपवायचीस. अजून लपवतेस का?" मी हो म्हटलं. त्या हसल्या. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. आमच्या वयांत सत्तेचाळीस वर्षांचं अंतर होतं.

आमच्या वाडीत इसेचं मंडळ आहे. भिशीसारखंच. दर घराने थोडं थोडं घालायचं, फेब्रुवारीत डब्यातून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्या वाडीच्या वतीने इसेच्या, समुद्राकडच्या थोरल्या देवळात जायचं, घराघरांच्या देव्हाऱ्यांत ठेवायचे देवाच्या नावाचे नवे कागद आणायचे. एकदा निघालेलं नाव फेरी संपेपर्यंत डब्यात परत जात नाही. पूर्वी चाळीस घरं होती. आता नऊ आहेत, आणि त्या नऊ घरांत सगळ्यांची हाडं म्हातारी झालेली आहेत.

अकरा वर्षांपूर्वी हिरासावा न्हाव्याची चिठ्ठी निघाली, आणि निघायच्या चार दिवस आधी तो बर्फावर घसरून कंबर मोडून बसला. मासुए-सान तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. म्हणाल्या, "मी जाते. पण मी म्हणून नाही. हिरासावा-सान म्हणून." आणि त्याचा मफलर मागून घेतला.

'म्हणून' ह्या शब्दाला त्या फार काटेकोर होत्या. हिरासावा प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून सिगारेट ओढायचा. मासुए-सान प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून पाच मिनिटं सिगारेट ओढणाऱ्यांच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. खोकून बेजार झाल्या. पुढच्या वर्षी ज्या म्हातारीची चिठ्ठी होती ती लिफ्टला घाबरायची. मासुए-सान दुखऱ्या गुडघ्यांनी सगळे जिने चढल्या. ज्याला गोड आवडत नाही त्याच्यासाठी गेल्या की गोड खायच्या नाहीत. स्वतःसाठी काही घ्यायच्या नाहीत. परत आल्या की त्या माणसाच्या समोर बसून सगळं सांगायच्या, आणि सांगताना 'मी' म्हणायच्या नाहीत. 'तुम्ही' म्हणायच्या. तुम्ही तोयोहाशीला उतरलात. तुम्ही गोड तळलेल्या तोफूतला भात घेतलात. तुम्हाला खिडकीतून पूल दिसला. ऐकणारा मान डोलवायचा. मग वाडीत कुणी विचारलं तर तो सांगायचा, "हो, मी गेलो होतो यंदा." आणि कुणी हसायचं नाही.

स्वतःच्या नावाची चिठ्ठी त्यांनी डब्यातून काढून टाकली होती. "मी दर वर्षी जातेच की," म्हणाल्या. "मला कशाला चिठ्ठी?"

यंदा डब्यात एकच चिठ्ठी उरली होती. तरी हिरासावाने डबा हलवला. तो आता मंडळाचा प्रमुख आहे.

"एकच तर आहे," मासुए-सान म्हणाल्या. "हलवतोस काय?"

"पद्धत आहे."

चिठ्ठीवर नाव होतं कुमागाई तोकुजिरो. वाडी त्यांना तोकु आजोबा म्हणते. वय एक्क्याण्णव. पर्सिमॉनची बाग होती, ती आता पुतण्या बघतो. दात नाहीत, पाय नाहीत म्हटलं तरी चालेल. तेहेतिसाव्या वर्षी त्यांचं नाव निघालं होतं. नवी टोपीसुद्धा घेतली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात वडील गेले. सुतकात देवळात जाता येत नाही. दुसरा कुणी गेला आणि त्यांचं नाव वापरलं गेलं. चाळीस घरांची फेरी म्हणजे चाळीस वर्षं. पुढच्या फेरीत ते पार मागे राहिले, शेवटचे.

हिरासावा म्हणाला, ही फेरी संपली की मंडळ बंद करायचं. कुणी नाही म्हटलं नाही.

मासुए-सान टोपी आणायला तोकु आजोबांकडे गेल्या तेव्हा मला बरोबर घेऊन गेल्या. त्यांचे गुडघे एकट्याने प्रवास करण्यापलीकडे गेले होते.

आजोबा शेगडीच्या मेजाखाली पाय घालून बसले होते. मला बघून म्हणाले, "ही कोण?"

"वाचनालयातली साहो. माझ्या गुडघ्यांना सोबत."

"काय शिकलीस गं?"

"साहित्य."

"मग वही धर. हिचं वय झालं, विसरेल काहीतरी." त्यांनी बोटं मोजली. "तीन गोष्टी. समुद्राला हात लावायचा. कालवं खायची. आणि देवळातल्या मंडपात माझं नाव मोठ्याने वाचून घ्यायचं. तिन्ही मी स्वतः केल्यासारखं झालं पाहिजे."

आमच्या प्रांताला समुद्र नाही. चारी बाजूंनी डोंगर. आजोबांनी समुद्र टीव्हीवर बघितला होता.

"कालवं?" मासुए-सान म्हणाल्या.

"माझा काका इसेहून आला होता तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तो म्हणाला, कालव तोंडात घातलं की समुद्र फुटतो. चौऱ्याऐंशी वर्षं झाली ऐकून."

मासुए-सानने नकाराची मान हलवली. मला कारण माहीत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याने कालवं खायची नाहीत. पोटाचा काही रोग लागला आणि तो मुलांच्या ताटात गेला तर शाळा बंद पडते. दर महिन्याला त्यांची तपासणी व्हायची. तेहेतीस वर्षं त्यांनी कालव तोंडात घातलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही घातलं नाही. हात धुवायची सवय जात नाही, तसंच ते.

"आजोबा, मी कालवं खात नाही."

"तू कुठे खाणार आहेस?" तोकु आजोबा म्हणाले. "मी खाणार आहे."

मासुए-सानने टोपी पिशवीत ठेवली. तपकिरी, लोकरीची, कडेला झिजलेली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी इसेसाठी घेतलेली.

आम्ही संथ गाड्यांचं तिकीट घेतलं. त्या एका तिकिटावर पाच चौकोन असतात. एका माणसाला एका दिवसासाठी एक शिक्का, मग दिवसभर साध्या गाड्यांनी कुठेही जा. दोघींना मिळून एकच तिकीट पुरलं. जाताना दोन शिक्के, येताना दोन. स्टेशनमास्तरने पहिले दोन मारले तेव्हा मासुए-सान म्हणाल्या, "एक उरेल. वाया."

पहाटेची गाडी नदीच्या कडेकडेने जाते. बोगदा, पूल, बोगदा. मासुए-सान उलट्या बसल्या होत्या, टोपी मांडीवर. तोयोहाशीला पोचायला दुपार झाली. नागोयाच्या फलाटावर उभ्या उभ्या रुंद शेवया खाल्ल्या. म्हणजे मी खाल्ल्या. मासुए-सानने टोपी वाडग्याशेजारी ठेवली आणि शेवया दात नसल्यासारख्या खाल्ल्या. ओठांनी ओढायच्या, जिभेने टाळूला दाबायच्या, गिळायच्या. वीस मिनिटं लागली. दुकानदारीण बघत राहिली.

"बाई, दाताचं काही आहे का?"

"मला नाही. ह्यांना." टोपीकडे बोट.

"कोण हे?"

"तोकुजिरो-सान. एक्क्याण्णव."

दुकानदारीण टोपीला म्हणाली, "आजोबा, सूप गरम आहे, सांभाळून." आणि वर माशाचे जादा तुकडे टाकून गेली. मासुए-सानने चाखलं. "शून्य पूर्णांक आठ. ह्यांना थोडं कमी लागतं."

आणखी दोन गाड्या बदलून फुतामीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जुन्या पद्धतीप्रमाणे इसेला जाणारा आधी इथल्या समुद्राने शुद्ध होतो. पाण्यात दोन खडक आहेत, एक मोठा, एक लहान, मध्ये जाड दोर बांधलेला. नवराबायको म्हणतात त्यांना. एक जोडपं फोटो काढत होतं. मासुए-सानने बूट काढले, मोजे काढले, टोपी डोक्यावर घातली आणि खाली वाकून पाण्याला हात लावला. हात बराच वेळ पाण्यात ठेवला. मग बोटं चाटली.

"साडेतीन," म्हणाल्या. "सूप म्हणून फेकून द्यावं लागेल."

मी वहीत लिहिलं. एक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोबाला गेलो. दोनच स्टेशनं पुढे. बंदराच्या कडेला पत्र्याची शेड होती, आत लांब जाळ्या, खाली निखारे. एक दणकट बाई फावड्याने कालवं जाळीवर ओतत होती. आवाज दगड ओतल्यासारखा. आम्ही बाकावर बसलो. मासुए-सानने टोपी शेजारी ठेवली. हात दोनदा पुसले.

पहिलं कालव उघडलं. शिंपल्याच्या कडेने पाणी फसफसलं. बाईने सुरीने वरचा शिंपला उडवला आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "लगेच खा. थंड झालं की रबर."

मासुए-सान त्याच्याकडे बघत राहिल्या. परीक्षेच्या पेपरकडे बघतात तसं. मग टोपीला म्हणाल्या, "तोकुजिरो-सान जेवताहेत." आणि तोंडात घातलं.

मी मिठाचा आकडा ऐकायला पेन्सिल धरून बसले होते. आकडा आला नाही. त्यांनी डोळे मिटले होते. गिळल्यावर शिंपल्यातलं पाणी पिऊन टाकलं. बाईने दुसरं ठेवलं. तेही गेलं. तिसरं त्यांनी स्वतः जाळीवरून उचललं, बोट भाजलं, बोट तोंडात घातलं आणि हसल्या. मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. चौथं, पाचवं. लिंबू मागितलं. सहावं भराभर चावलं, चांगल्या दाढांनी. टोपी बाकावरून खाली पडली. मी उचलून झटकली आणि मांडीवर ठेवली. त्यांचं लक्ष नव्हतं.

"आणखी?" बाईने विचारलं.

"आणखी," मासुए-सान म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं, 'दोन झालं.' मला तेव्हा तसंच वाटलं.

दुपारी इसेला उतरलो. आधी बाहेरचं देऊळ, मग आतलं. एकच करून परत जात नाहीत. मधल्या गल्लीत जाड मऊ शेवया खाल्ल्या, काळ्या रसातल्या. दात नसलेल्यांसाठीच केल्यासारख्या. मासुए-सानने टोपी परत शेजारी ठेवली होती आणि परत जिभेने खात होत्या, पण मध्येच दातांचा आवाज यायचा आणि त्या थांबायच्या.

आतल्या देवळाच्या मंडपाशी पोचलो तेव्हा दिवसातली शेवटची प्रार्थना व्हायची होती. खिडकीत एक अर्ज भरून द्यायचा. कुणाच्या नावाने, कुठून. मागे रांग होती. मासुए-सानने भरून दिला. मी त्यांचे बूट कपाटात ठेवत होते.

आत चटयांवर तीसेक माणसं. "तीस वाट्या," मासुए-सान पुटपुटल्या. ढोल वाजला. पुजारी एका सुरात वाचायला लागला. ओसाकाचा कुणी, कुणाचा व्यापार. कुणाचं बाळ. मग आमच्या प्रांताचं नाव आलं, गावाचं आलं, वाडीचं आलं. मासुए-सानने मान खाली घातली.

"इनागाकी मासुए," पुजारी म्हणाला.

त्यांनी मान वर केली नाही. प्रार्थना संपून माणसं उठली तरी केली नाही. अकरा वर्षं त्या खिडकीत अकरा जणांची नावं त्यांनी लिहिली होती. कधी चुकल्या नव्हत्या.

बाहेर नदीवरच्या पुलावर त्या थांबल्या.

"माझं वाचलं गं त्याने."

"हो."

"मीच लिहिलं असणार."

"उद्या सकाळी परत येऊ. परत अर्ज भरू."

"नुसत्या नावाचं नाही," त्या म्हणाल्या. "टोपी कुठे होती? कालवं खाताना?"

मी खोटं बोलू शकले असते. "खाली पडली होती. मी उचलली."

"किती खाल्ली मी?"

"नऊ."

"ते नऊ खात नाहीत. दात नसलेला माणूस नऊ कालवं खात नाही." त्यांनी तळहात बघितला. फुतामीचा शिक्का अजून होता. "मीच खाल्ली. मीच इथवर आले, म्हणून हाताने माझंच नाव लिहिलं. उद्या नाव बदलून काय होतंय? आजोबा अजून घरीच बसलेत."

तिसऱ्या दिवशी परत निघालो. दोन शिक्के. त्या उलट्या बसल्या होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या. तोयोहाशीच्या पुढे मी म्हटलं, "आजोबांना कशाला सांगायचं? त्यांना काय कळणार?"

"शाळेत एकदा सूपमध्ये माझी हातातली पट्टी पडली," मासुए-सान म्हणाल्या. "दुखऱ्या बोटाची. साडेतीनशे वाट्यांचं सूप. कुणालाच कळलं नसतं. मी सगळं ओतून दिलं." मग, "मुलं त्या दिवशी पाव-दूध जेवली. तूही होतीस त्यात."

मला आठवत नाही.

त्याच संध्याकाळी तोकु आजोबांच्या खोलीत बसलो. हिरासावा कागद घ्यायला आला होता. आजोबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. गळ्याचं बटण लावलेलं.

मासुए-सान समोर बसल्या. टोपी मध्ये ठेवली.

"तुम्ही सकाळच्या गाडीने निघालात," त्या म्हणाल्या. "नदीला पाणी कमी होतं. तुम्हाला तिसऱ्या बोगद्यानंतर माकडं दिसली."

"किती?"

"चार. एक पिल्लू."

"मग?"

"नागोयाला तुम्ही शेवया घेतल्यात. दुकानदारीण तुम्हाला म्हणाली, आजोबा, सांभाळून."

आजोबा खूश झाले. "मला म्हणाली? बाई बरी होती का दिसायला?"

"आजोबा, देवाचं काम आहे," हिरासावा म्हणाला.

"तू गप. तू सिगारेट ओढत गेलास. मी बायका बघत जातो." ते मासुए-सानकडे वळले. "चल पुढे. समुद्र."

"तुम्ही बूट काढलेत. पाणी बर्फासारखं होतं. हात घातल्यावर आधी काही कळलं नाही, मग दुखायला लागला. तरी तुम्ही काढला नाहीत. लाट आली की वाळू पायाखालून सरकायची, तुम्हाला वाटलं आपण मागे चाललोय. बोटं चाटलीत. खारट. रडल्यावर ओठाला लागतं ना, त्याच्या चौपट."

आजोबांनी आपली बोटं बघितली. "आणि कालवं?"

मासुए-सान म्हणाल्या, "तुम्ही बाकावर बसलात. निखारे लाल होते. पहिला शिंपला उघडला, कडेला पाणी फसफसलं. बाई म्हणाली, लगेच खा. मी तोंडात घातलं आणि..."

त्या थांबल्या.



"कोणी घातलं?" तोकु आजोबा म्हणाले.

"मी."

"मी नाही?"

"नाही आजोबा. तुम्ही नव्हता. टोपी खाली पडली होती. मंडपात नावही माझं वाचलं. मीच लिहिलं." त्या वाकल्या, कपाळ चटईला लागेपर्यंत. "तुमचं जाणं झालं नाही."

हिरासावा म्हणाला, "असू दे, असू दे. देवाला सगळं कळतं. कागद तर आणलेत ना? फेरी संपली."

"कुणाची संपली?" तोकु आजोबा म्हणाले. "मी एक्क्याण्णव वर्षं ह्या डोंगरातून हललेलो नाही. आजही नाही." आवाज चढला नव्हता. पर्सिमॉनचा भाव सांगावा तसं बोलत होते. "मासुए, ऊठ. कपाळाला चटईची नक्षी उठेल. तिकीट संपलं का?"

"एक चौकोन आहे. दहा एप्रिलपर्यंत चालतं."

"एका चौकोनात इसेला पोचता येतं?"

"जायला पोचतं. परतीला नाही."

"परतीचं मी बघतो. आधी जाऊ तर दे मला."

"आजोबा, एका चिठ्ठीवर दोनदा जात नाहीत," हिरासावा म्हणाला. "नियम आहे."

"एकदाही गेलेलो नाही मी. तू न्हावी आहेस का वकील?" मग मासुए-सानला, "आणि हे बघ, ह्या खेपेला दोनच खायची. दोन. मला नऊ पचायची नाहीत."

त्यांना नऊ कसं कळलं ते मला कळलं नाही. माझी वही उघडी होती, त्यात नऊचा आकडा होता. वाचली असेल.

मासुए-सान हसल्या नाहीत. "दोन," म्हणाल्या. टोपी परत पिशवीत ठेवली. हिरासावाने कागद काखोटीला मारले आणि तोंड फिरवून निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला की फेरी संपल्याची नोंद तो एप्रिलपर्यंत करणार नाही.

सहा एप्रिल ठरला. शनिवार. मला वाचनालयात काम होतं. मासुए-सान म्हणाल्या, "बरंच आहे. दोघी गेलो की गप्पा होतात. गप्पा मारल्या की मी मीच होते."

"गुडघे?"

"गुडघे त्यांचेही दुखतात. तेवढं तरी बरोबर होईल."

एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्या वाचनालयात आल्या आणि दुपारभर वेळापत्रक घेऊन बसल्या. जाताना माझ्या टेबलावर सुक्या पर्सिमॉनचे दोन तुकडे ठेवून गेल्या. मी फोनवर होते. नुसता हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरासावाचा फोन आला. त्या स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव. गॅस बंद केलेला होता. मिसो सूप एका वाटीचं होतं, झाकलेलं.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी वाडीची माणसं जमली. तोकु आजोबांना पुतण्याने पाठीवरून आणलं. शवपेटीत ठेवायला मासुए-सानच्या वस्तू काढत होते. शिक्क्यांची वही, चाखायचा चमचा. आजोबा म्हणाले, "टोपी ठेवा."

"कुठली टोपी?"

"माझी. तिच्या पिशवीत आहे. ठेवा तिच्याबरोबर."

हिरासावा पांढराफटक पडला. "जिवंत माणसाची वस्तू पेटीत ठेवत नाहीत. गेलेली माणसं त्याला बोलावून नेतात. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणून तर सांगतोय."

"आजोबा, काहीतरीच बोलू नका."

"ती निघाली होती माझ्या वतीने. अर्ध्यात टोपी काढून घेता?"

पुतण्याने मान हलवली. नाही. टोपी ठेवली नाही. पेटीत फुलं घालताना आजोबांनी मासुए-सानच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पुढचं सांगितलंच नाहीस. फुटला का समुद्र?"

टोपी त्यांना नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी होती, शनिवारसाठी भरून ठेवलेली. वर टोपी. खाली मोज्यांचा जोड, तिकीट. तिकिटावर चार शिक्के, पाचवा चौकोन रिकामा. त्याखाली किराण्याच्या जाहिरातीचा कागद, मागच्या कोऱ्या बाजूने पेनाने भरलेला. कुमागाई तोकुजिरो. कुमागाई तोकुजिरो. ओळीखाली ओळ. वरच्या काही ओळींत आधी 'इना' लिहून खोडलेलं होतं. खाली खाली खोडणं कमी होत गेलं होतं. शेवटच्या सात ओळी स्वच्छ होत्या.

आणखी एक चिठोरी होती, पहिल्या तारखेची, वाचनालयाच्या कागदावर. जाताना: सहा वाजून बारा मिनिटं. तोयोहाशी, चौदा मिनिटं थांबा. नागोया, शेवया. मग पुढच्या दोन गाड्या, फुतामी, समुद्र. तोबा, आणि त्यापुढे आकडा दोन, त्याला दोनदा गोल केलेला. मग देऊळ, मंडप, आजोबांचं नाव.

खाली लिहिलं होतं, येताना. त्याच्यापुढे एकही गाडी लिहिलेली नव्हती.